अर्धी बादली

“अप्पांना शेवटची आंघोळ मैदानावर घालू द्या, ताई. तेवढंच मागतो,” बंकट म्हणाला आणि अंगणातल्या माणसांच्या माना वळल्या.

तो फाटकाबाहेर उभा होता. चप्पल काढलेली, पण पाऊल आत टाकलेलं नाही. अप्पा गेल्याचं कळल्यावर त्यांची लेक महानंदा आष्टीहून आली, त्याला तासच झाला होता. आत पलंगावर धोंडप्पा पडले होते, कारखान्याच्या वजनकाट्यावरून पाळी संपवून आल्यावर पडायचे तसे.

“तू कोन बे मागनारा?” सिद्धेश्वरकाका उठले. “तुझ्यामुळं माझ्या भावाची नोकरी गेली. पोरांच्या म्होरचं ताट गेलं. आन आता त्याच्या अंगाला हात लावाया आलास?”

“न्हाई म्हना काका, जातो मी.”

पण तो गेला नाही.

काका खोटं बोलत नव्हते. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. काट्यावर तोलायला ऊस नव्हता, म्हणून धोंडप्पांना कारखान्याच्या कबड्डी संघाचं बघायला सांगितलं. संघ तगून होता तो एकट्या बंकटवर. मोठ्या लीगमध्ये टीव्हीवर चमकलेला चढाईपटू. एका बियाणे कंपनीनं पिशव्यांवर त्याचा फोटो छापला आणि संघाची मॅट, पगार, खानावळ, सगळ्याचा खर्च उचलला. मग एका संध्याकाळी, संघाच्या वसतिगृहाची टाकी आधी भर म्हणून टँकरपाशी बाचाबाची झाली आणि बंकटनं लोखंडी दांडा उचलला. टँकर चालवणाऱ्या शहादेवचा डावा डोळा गेला.

गुन्हा दाखल झाला तसे संचालक विठ्ठलराव धोंडप्पांकडे आले होते.

“अप्पा, पोरांची हजेरी तुमच्याच हातची. येका वळीत भागतंय. बंकट त्या टायमाला खोलीवर व्हता, बस. न्हाईतर कंपनी चालली. बारा पोरं काय माती खात्याल का?”

धोंडप्पांनी हजेरीबुक काखेत मारलं. त्यांनी पोरांना डाव कमी शिकवले होते, पण एक गोष्ट घोटून घेतली होती. अंगाला हात लागला की पंचाच्या शिट्टीची वाट पाहायची नाही. आपणच हात वर करायचा, ‘बाद’ म्हणायचं आणि रेषेबाहेर जायचं.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. वकिलानं ‘नाही’ पढवून ठेवलं होतं. बंकटनं मागं वळून बाकावरच्या धोंडप्पांकडे पाहिलं, त्यांच्या मांडीवरच्या हजेरीबुकाकडे पाहिलं आणि हात वर केला.

“बाद हाय मी, सायेब.”

त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. आठवड्याच्या आत कंपनीनं मॅट गुंडाळून ट्रकमध्ये घातली, खानावळीला कुलूप लागलं आणि विठ्ठलरावांनी धोंडप्पांना घरी बसवलं. तिघं पोरं निघून गेली. नऊ राहिली. त्यांच्या भाकरी धोंडप्पांच्या चुलीवर होऊ लागल्या आणि खेळ मातीवर सुरू झाला. पण कोरड्या मातीचा फुफाटा उडायचा, आणि शिंपडायला पाणी कुठलं? मग धोंडप्पांनी तोड काढली. पहाटे ज्यानं त्यानं अर्धी बादली घ्यायची आणि मैदानावरच बसून आंघोळ करायची. रोज जागा बदलायची. मधल्या रेषेवर, बंकटच्या जागी, ते स्वतः बसायचे. तुरुंगातल्या भेटीत त्यांनी ही गंमत बंकटला सांगितली, तेव्हा म्हणे तो हसता हसता रडला. शिक्षा भोगून तो आता सुटला होता.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. महानंदाला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक होती. गेल्या दिवाळीला धोंडप्पा तिला हळूच म्हणाले होते, “पोरी, हजेरीतली ती खोटी वळ मी लिवली व्हती. काट्यावर तीस वर्षं किलोचा फरक केला न्हाई, आन पोरांच्या पोटाकडं बघून लिवली. त्यानं हात वर केला म्हनून ते पान कुनाला दावावं लागलं न्हाई. लोक म्हंत्यात त्यानं मला बुडवलं. लई उपकार हायत गं त्याचे माझ्यावर.”

महानंदानं काकांकडे पाहिलं. त्या पानाबद्दल तिनं त्यांना सांगितलं नाही.

“काका, अप्पांना मैदानावर नेऊ. एवढं एक माझं ऐका.”

काकांनी उपरणं कमरेला बांधलं.

मधल्या रेषेवर पाट मांडला. धोंडप्पांना बसवून दोघांनी मागून आधार दिला. पाणी शहादेवनं आणलं होतं, तीन दगडांच्या चुलीवर तापवलेलं. त्यानं बादली उचलली, एका डोळ्यानं अंदाज घेत चालत आला आणि बंकटच्या पायाशी ठेवली. बंकट तसाच उभा.

“घे बे,” शहादेव म्हणाला. “पानी निवतंय.”

बंकटनं तांब्या भरला. खांद्यावरून, पाठीवरून, काट्यावर बसून वाकलेल्या मानेवरून पाणी ओघळलं, धुळीवर क्षणभर गोळा झालं आणि मुरलं. बादली अर्धी झाली तसा तो थांबला. अप्पांनी त्याहून जास्त कधी घेतलं नव्हतं.

उरलेली अर्धी बादली त्यानं महानंदापुढं सरकवली. तिनं ती उचलली आणि रेषेच्या दोन्ही अंगांना, जिथं माती अजून कोरडी होती, तिथं बेताबेतानं शिंपली.