बारावं प्रभुभोजन

थाळीला चाळीस भोकं होती: बाहेरच्या कड्यात एकवीस, मधल्या कड्यात तेरा, आतल्या कड्यात सहा. प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा पेला बसायचा आणि त्यात दहा मिलिलिटर द्राक्षारस मावायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा ख्रिस्तमंदिराच्या दारात उभे राहून प्रभुभोजन घेणारी माणसं मोजायचे आणि दुसरं गीत सुरू झालं की आकडा चिठ्ठीवर लिहून मागच्या खोलीत माझ्याकडे पाठवायचे. मी तेवढेच पेले भरायची. एक जास्त नाही, एक कमी नाही.

तरी दर महिन्याला एक पेला भरलेला परत यायचा.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, बाबांची मोजणी चुकली. दुसऱ्या महिन्यात वाटलं, माझी. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एकाच नमुन्याचं तीनदा मोजमाप घेतल्याशिवाय आम्ही आकडा लिहीत नाही. म्हणून तिसऱ्या महिन्यात पेले भरून झाल्यावर मी शेवटच्या बाकामागे उभी राहिले. थाळी हातोहात पुढे गेली. मामाकडे आली. त्यानं ती दोन्ही हातांनी नीट धरली, क्षणभर पाहिली आणि काही न उचलता शेजाऱ्याकडे दिली.

असे अकरा महिने झाले.

मग मी चूक केली. जेवताना, एखादा छान निष्कर्ष सांगावा तसं बोलून गेले, "गंमत माहितेय? अकरा महिने मामानं एकदाही पेला घेतलेला नाही. एकदाही नाही. मी मोजलंय."

आईचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला.

"अकरा?" बाबांनी विचारलं. "नक्की?"

"नक्की."

"म्हणजे या रविवारी बारा." बाबा मंडळीच्या पंचांचे प्रमुख होते. सलग बारा प्रभुभोजनं न घेणाऱ्याचं नाव सभासदांच्या यादीतून काढायचं, हा नियम त्यांना पाठ होता. "तू मला हे लिहून दे. उपासनेनंतर पंचांची बैठक आहे."

"अहो, तो माझा भाऊ आहे," आई म्हणाली.

"नियमाला मेव्हणा नसतो."

"हो ना. आणि तोंडाला कुलूपही नसतं."

बाबा ताटावरून उठले. आईला काय म्हणायचं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामी गेली त्यानंतर काही महिन्यांनी मामा एकदा आमच्याकडे आला होता. बाबांना बाजूला घेऊन म्हणाला होता, दाजी, प्रार्थनेला बसतो पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही, कुणाला सांगू नका. बाबांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत त्यांनी डोळे मिटून, सगळ्यांसमोर, नाव घेऊन प्रार्थना केली: प्रभू, आमच्या या भावाचा विश्वास ढळलाय, त्याला सावर. मामा एकोणीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होता. पुढच्या रविवारी त्याच्या वर्गात दोनच मुलं आली. त्याच्या पुढच्या रविवारी वर्ग दुसऱ्याकडे गेला.

"मी प्रार्थना केली, चहाडी नाही," बाबा तेव्हा म्हणाले होते. आजही तेच म्हणत होते.

शनिवारी मी मामाच्या दुकानात गेले. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो. एक मशीन आडवं पाडून तो त्याच्या पोटातून दोऱ्याचा गुंता चिमट्यानं काढत होता.

"ये, शास्त्रज्ञ," तो म्हणाला. "माझं मोजमाप घेतलंस म्हणे."

"आईनं सांगितलं?"

"तुझ्या आईच्या पोटात काय राहतंय!"

"मामा, उद्या घे ना. एक घोट तर आहे. नाहीतर नाव जाईल."

त्यानं चिमटा खाली ठेवला. "थाळी फिरायच्या आधी पाळकसाहेब काय वाचतात? कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी मिटवावं, मग घ्यावं. माझं वाकडं आहे. मग घेऊ कसा? बाकीचे कसे घेतात ते त्यांचं त्यांना ठाऊक."

"आणि प्रार्थनेचं? अजून वाटतं, कुणी ऐकत नाही?"

"कधी वाटतं, कधी नाही. पण ते माझं आणि त्याचं होतं. तुझ्या बाबांनी ते देवाला सांगितलं, ठीक. त्याला माहीतच होतं. बाकीच्या पस्तीस जणांना नव्हतं."

"मग येतोस तरी कशाला दर रविवारी?"

"ताटावर बसून न जेवणं वेगळं, पोरी, आणि ताटावरून उठून जाणं वेगळं." त्यानं चाक हातानं फिरवलं. सुई खालीवर झाली. "तू खुशाल लिहून दे. खरा आकडा आहे. रडू नकोस, मशीनला गंज चढेल."

रविवारी बाबांची चिठ्ठी आली: अडतीस. मी अडतीस पेले भरले. सदतीस भरावेत आणि मामा नव्हताच असं म्हणावं, हे मनात आलं नाही असं नाही. पण तो तिसऱ्या रांगेत बसलेला मला खिडकीतून दिसत होता.

त्या दिवशी थाळी बाबांनी स्वतः हातात घेतली. आमच्याकडे पेला उचलल्यावर लगेच पीत नाहीत. सगळ्यांच्या हातात आला की पाळकसाहेब 'घ्या' असा शब्द देतात आणि सगळे एकदम पितात. बाबांनी सगळी बाकं केली. मामाची रांग त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. थाळीत दोन पेले उरले, एक मामाचा आणि एक त्यांचा स्वतःचा.

मामानं मान हलवली.

"घे," बाबा हळूच म्हणाले. पण मंदिर इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "आज बारावं आहे. घे म्हणतो ना. मला तुझं नाव काढायला लावू नकोस."

"काढा, दाजी. तुम्ही घेणार?"

"मी का नाही घेणार?"

"तेच विचारतोय."

थाळीतले दोन पेले किणकिणायला लागले. त्यांनी थाळी बाकावर ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "बाहेर ये."

दोघं बाहेर गेले. दार लागलं. घड्याळात दहा बावन्न झाले होते.

हातात पेला धरलेली सगळी माणसं पाळकसाहेबांकडे पाहू लागली. "थांबू या," ते म्हणाले. किती जणांनी प्रभुभोजन घेतलं तो आकडा त्यांना दर महिन्याला वरच्या कार्यालयाला कळवावा लागतो, आणि तो आधीच दोन वर्षं घसरत होता.

दहा मिलिलिटरचं वजन ते काय, पण पाच मिनिटं न सांडता धरायचं म्हटलं की मनगट बोलायला लागतं.

"आपण पिऊन घेऊ, ते येतील सावकाश," टपालवाले काका पुटपुटले.

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या.

"हात भरून आलाय!"

"मग डाव्या हातात घ्या."

बाहेरून बाबांचा आवाज एकदा चढला. मग मामाचा आवाज, एकच वाक्य, शब्द कळले नाहीत. आई दाराकडे पाहत होती. तिच्या पेल्यातला रस काठावर आला होता.

पेटी वाजवणारा माणूस गीत सुरू करायला पेटीकडे वळला. पाळकसाहेबांनी हातानंच त्याला थांबवलं.

अकरा वाजून एक मिनिटानं नर्सबाई उठल्या. गायकवृंदात कोण एकटं गाणार यावरून त्यांचं आणि शाळेच्या बाईंचं दीड वर्ष बोलणं नव्हतं. त्या मामाच्या बाकापाशी गेल्या, आपला भरलेला पेला थाळीत ठेवला आणि जागेवर येऊन बसल्या. शाळेच्या बाईंनी खाली पाहिलं. मग आई उठली. तिनं पेला ठेवला आणि परत येताना बाबांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं नाही. मग टपालवाले काका.

"तुम्ही कशाला?" काकू कुजबुजल्या.

"सख्खा भाऊ आहे मला," काका म्हणाले, "विसरलीस का?"

पाळकसाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि डोळे मिटले.

दार उघडलं तेव्हा अकरा तेरा झाले होते. बाबा आणि मामा आत आले. बाबांचा चेहरा तोंड धुतल्यासारखा दिसत होता. ते पुढे जाऊन मंडळीकडे तोंड करून उभे राहिले. बाबा भाषणात कधी अडखळत नाहीत. आता अडखळले.

"यानं मला विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. मी ती... मी डोळे मिटून तुम्हाला सांगितली. देवाला सांगतोय असं दाखवून. मला माहीत होतं मी काय करतोय. थोडं तरी माहीत होतं." त्यांनी मामाकडे पाहिलं. "मी आत्ता माफी मागितली. त्यानं दिली नाही. म्हणाला, वेळ लागेल. बुधवारी मी त्याच्याकडे जाणार आहे. नाव काढण्याचा विषय मी मागे घेतो. आज आम्ही दोघं घेणार नाही. तुम्ही घ्या."

मामा आपल्या जागेवर जाऊन बसला. बाबा क्षणभर उभे राहिले आणि मग त्याच्याच बाकावर, पण दुसऱ्या टोकाला बसले.

पाळकसाहेबांनी लगेच शब्द दिला नाही. "ज्याला थांबायचं असेल त्यानं थांबावं," ते म्हणाले आणि वाट पाहिली. आणखी काही माणसं उठली. काही जोडप्यांतलं एकेकच उठलं. मग त्यांनी शब्द दिला.

मी थाळी मागच्या खोलीत आणली आणि पेले मोजले. तीनदा मोजले.

भरलेले अडतीस. रिकामे परत आले तेवीस. भरलेले परत आले पंधरा.