आईला न कळणारा विषय

परदेशात, रिकार्टन नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरी दर रविवारी विद्यापीठातली चार-पाच मराठी मुलं जेवायला यायची. आईची अट एकच. आठवड्यात शिकलेलं काहीतरी आधी तिला समजावून सांगायचं, मग ताट. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणायची. "सावकाश सांग."

आईने पुण्यात अठ्ठावीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. मुलांना हे माहीत नव्हतं. मला तिचं हे खोटं बोलणं पटायचं नाही. एकदा तसं म्हणालेही.

"मला येतं म्हटलं की ती नुसती ऐकत बसतील," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "बोलायचं त्यांनी आहे."

मेच्या सुरुवातीला आई गेली. जेवायला येणाऱ्या मुलांपैकी प्राचीची स्टॅटिस्टिक्सची परीक्षा जूनअखेर होती. आधी एकदा ती नापास झालेली; आता पुन्हा झाली असती तर कोर्स सोडून नागपूरला परत जावं लागलं असतं. आईचे दिवस झाल्यावरच्या रविवारी ती वही घेऊन दारात उभी राहिली.

"ताई, जेवायला नाही आले. नुसतं बसू द्या."

मी आईच्या खुर्चीत बसले. मी इंजिनियर आहे, मला ते सगळं येतं. ती समजावून सांगू लागली. मी तिसऱ्यांदा "नाही, तसं नाही" म्हणाले, तेव्हा तिने वही मिटली.

"तुम्हाला येतं हो, ताई. काकूंना काहीच यायचं नाही, म्हणून जमायचं."

मी उठले. परातीत कणीक घेतली, तिच्याकडे पाठ केली. "बरं, स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे काय गं?"

"आता मुद्दाम विचारताय."

"सांग तर."

तिने वही बाजूला सारली. मग म्हणाली, "समजा, मी सातला जेवते आणि फ्लॅटवरची सलोनी अकराला. सरासरी नऊ. पण नऊला टेबलावर कोणीच नसतं! आम्ही दोघी नऊपासून किती लांब आहोत, ते सांगायला हे."

"मग पोळ्या कधी करायच्या?"

प्राची हसली. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं. पुढचे सगळे रविवार मी कणीक मळत मूर्खासारखे प्रश्न विचारले. कधीकधी जीभ चावावी लागली.

जुलैत निकाल लागला. बी प्लस. प्राची आईच्या फोटोसमोर मोबाईल धरून उभी राहिली.

पुढच्या रविवारी तिने सुशील नावाच्या नव्या मुलाला आणलं. तो ताटाकडे हात नेणार, तोच तिने त्याला थांबवलं. "आधी समजावून सांगायचं. ही काकूंची पद्धत."

"त्या शिकवायच्या का?"

"छे रे! त्यांना स्टॅटमधलं काहीसुद्धा कळायचं नाही. हो ना, ताई?"

मी फोटोकडे पाहिलं.

"काहीसुद्धा नाही," मी म्हणाले, आणि भात वाढायला घेतला.