सोफीबाईंच्या नावावर चालणारी मी

साहेब, आपटा गावचा पंप तुळशीरामने जाळला नाही. तो तुम्ही जाळलात. पनवेलच्या कार्यालयात बसून, न वाचता केलेल्या एका सहीने जाळलात. आणि आता चौकशीच्या कागदावर त्याचं नाव लिहिताय.

मित्रांनो, माफ करा. ओळख करून देण्याआधीच मी भांडायला लागले. पण पाच महिने बंद दारासमोर उभं राहिल्यावर कुणालाही गोड बोलणं सुचत नाही.

मी एक जुनी जोडणी आहे. संगणकाच्या पडद्यावरच्या तीन चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या दोन रेषा, एवढंच माझं अंग. वय चार वर्षं. आमच्या जातकुळीत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच.

आमचं कार्यालय पाण्याच्या पंपांची पॅनल चालवणारे प्रोग्रॅम बनवतं. पंप गावोगावी, प्रोग्रॅम पनवेलला. इथे निकेश कोड लिहितो आणि कोड ठेवायच्या एका ॲपमध्ये जमा करतो. पंप कसा चालवायचा त्याची मराठी सूचनापत्रकं मात्र दुसऱ्याच ॲपमध्ये, कागदपत्रांच्या कपाटात. ही दोन ॲप एकमेकांचं तोंड बघत नसत. त्यांच्यातली ये-जा करायच्या सोफीबाई पेणकर.

निकेशने प्रोग्रॅम बदलला की त्याची टीप उतरवून घ्यायची, नव्या पत्रकात भरायची, बरोबर फोल्डरमध्ये ठेवायची, पंपचालकांना कळवायचं. सगळं हाताने. सोफीबाई शनिवारी काम करत नसत. त्यांच्या घरी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसावा, पाळतात, हे साऱ्या कार्यालयाला ठाऊक होतं. तरी निकेशने एकदा नेमका शनिवारीच बदल सोडला. रविवारी सकाळी आपट्याच्या पंपावरून पंपचालक तुळशीरामचा फोन.

"बाय, तुमी तिकरं बटान बदलता नि आमी हिकरं जुनाच कागद बगत बसतो. पंप जलला तं नाव कोनाचं? माजंच ना?"

"दादा, चूक आमची आहे. पुन्हा असं होणार नाही."

लोक असं बोलतात आणि विसरतात. सोफीबाई विसरल्या नाहीत. कोडची एक ओळ त्यांना येत नव्हती. पण कोड न लिहिता चौकटी ओढून जोडण्या बनवता येतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि माऊस एका बाजूला. चुकत होत्या, पुसत होत्या, पुन्हा ओढत होत्या. पहिल्या चौकटीत लिहिलं, 'प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की'. दुसरीत, 'तिची टीप सूचनापत्रकात भर आणि कपाटात ठेव'. तिसरीत, 'पंपचालकाच्या मोबाइलवर पाठव'. झाला माझा जन्म.

निकेश मागे उभा राहून हसला. "सोफीबाई, माझी नोकरी घालवणार तुम्ही!"

"तुझी नाही रे बाबा. माझा शनिवार वाचवतेय."

मित्रांनो, त्यानंतर मी चुकले नाही. निकेशने बटण दाबलं की दुसऱ्या मिनिटाला पत्रक आपट्याला. तुळशीराम ते बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा आणि पंपघराच्या भिंतीवर भाताच्या शितांनी चिकटवायचा. जुनं पत्रक तो फाडत नसे. "आदीचं काय होतं तेबी रावं," म्हणायचा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेनाने तारीख घालायचा. चार वर्षांत भिंतीवर कागदांची चांगली जाड पोळी झाली. तिचा एकेक पदर मी पाठवलेला. माझं कौतुक कुणी केलं असेल तर त्या भिंतीने.

तुम्हीही केलंत की, साहेब. पाहुणे आले की मोठ्या पडद्यावर मला दाखवायचात. 'आमची कल्पना' म्हणायचात. सोफीबाई तेव्हा मागे चहाचे कप मोजत असायच्या. मग एक दिवस तुम्हीच विचारलंत, "सगळं आपोआप होतंय ना? मग या बाई दिवसभर करतात काय?"

त्यांनी मला बनवलं, म्हणून त्यांना काढलं. हे वाक्य तुम्ही एकदा मोठ्याने म्हणून बघा.

जाताना सोफीबाईंनी कामाची यादी लिहून दिली. नऊ ओळी. सातवी ओळ अशी: 'सूचनापत्रकांची जोडणी माझ्या लॉगिनवर चालते. माझं लॉगिन बंद करण्याआधी ती दुसऱ्याच्या नावावर करावी, नाहीतर पत्रकं जाणार नाहीत.' तोंडीही सांगितलं.

"सर, सातवी ओळ तेवढी बघा."

"हो हो, बघतो. कुठे सही करायची?"

सही केलीत. संध्याकाळी त्यांचं लॉगिन बंद. मला दुसऱ्याच्या नावावर करायचं कुणाला आठवलं नाही.

त्यानंतर निकेशने तीन आवृत्त्या सोडल्या. तिन्ही वेळा मी टीप घेऊन कपाटाशी गेले. तिन्ही वेळा उत्तर एकच: 'परवानगी नाही.' अडले की ज्याच्या नावावर मी चालते त्याला ईमेल करायचा, असं मला शिकवलेलं. मी केला. तो सोफीबाईंच्या बंद पेटीत गेला. मी ओरडत होते, साहेब. ज्या पत्त्यावर ओरडायचं तो पत्ताच तुम्ही पुसला होतात.

पहिल्या दोन आवृत्त्यांत किरकोळ बदल होते. तिसरी आपट्याच्या पंपापुरती होती, आणि तिच्यातला बदल मोठा होता. आधी पंप सुरू केल्यावर निळं बटण दाबून व्हॉल्व्ह उघडावा लागे. आता व्हॉल्व्ह आपोआप उघडणार होता, आणि तेच निळं बटण दाबलं तर तो बंद होणार होता. निकेशने टिपेत ठळक लिहिलं होतं: 'निळं बटण दाबू नये.' ती टीप माझ्या हातातच राहिली.

तुळशीरामने रोजच्यासारखं भिंतीकडे बघितलं. पंप सुरू केला. निळं बटण दाबलं. व्हॉल्व्ह मिटला, पाणी कोंडलं, आणि अर्ध्या तासात पंपघरातून धूर निघाला. चार दिवस गावात टँकर.

काल चौकशी झाली. तुम्ही छापून आणलेला अहवाल पुढे सरकवलात. 'चालकाचा निष्काळजीपणा.' खाली त्याच्या सहीची जागा. सही केली की नोकरी गेली.

तुळशीरामने पिशवीतून ती कागदांची पोळी काढली. भिंतीवरून खरवडून आणली होती, मागे चुन्याचे पोपडे. टेबलावर ठेवली.

"ह्यो वरचा कागद मे म्हयन्याचा हाय. तुमचा नवा कागद ह्याच्यान कुठं हाय, दाखवा. नाय गावत? मंग मी वाचू काय, भित?"

"पत्रक आपोआप जातं," तुम्ही म्हणालात.

निकेशने तेवढ्यात मला उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी उघडलं. "सर, जात नव्हतं. हे बघा, तीन लाल फुल्या. सोफीबाईंचं लॉगिन..."

"तो विषय आजचा नाही," असं म्हणून तुम्ही पडदा बंद केलात.

"मंग सईचाबी आज विषय नाय," तुळशीराम म्हणाला, आणि कागद पुन्हा पिशवीत भरून उठला.

मित्रांनो, आपोआप चालणाऱ्या वस्तूंच्या मागे कुणाचं तरी नाव असतं, कुणाच्या तरी जेवणाच्या सुट्ट्या असतात. ते नाव पुसायच्या आधी विचारा, याच्यावर काय काय चालतं? मला तेलपाणी लागत नाही. माझ्याकडे महिन्यातून एकदा बघणारा माणूस लागतो, बस्स.

साहेब, सोमवारी तुळशीरामला पुन्हा बोलावलंय. सोफीबाईंची ती यादी कपाटातच आहे, जायच्या दिवशी त्यांनी स्वतः स्कॅन करून जपून ठेवलेली. नऊ ओळी, आणि खाली निळ्या शाईत एक सही. अहवालावर तुळशीरामची सही मागण्याआधी ती यादी त्याच्यासमोर ठेवा आणि सगळ्यांदेखत सांगा. सातव्या ओळीखालची ही सही कुणाची?