पुढच्या चक्रीचे दोन दात

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि सध्या मी रागावलेली आहे. यंत्राला राग येत नाही, असे तुम्ही शिकला असाल. ते खरे धरून चाला, पण माझे ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये, सरकत्या पट्ट्यावर झाला. आधी सांगाडा आला, मग इंजिन बसले, मग चाके. सगळ्यात शेवटी एका बाईने माझा एकेक बोल्ट पान्याने आवळून पाहिला आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. माझे इंजिन लहान आहे. लहान इंजिनाकडून एकतर वेग मागावा, नाहीतर ओढ मागावी. दोन्ही मागू नये. माझा आराखडा काढणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी माझ्यासाठी ओढ निवडली आणि त्या हिशोबाने माझ्या चेनच्या पुढच्या चक्रीला मोजके दात दिले.

दुकानात माझ्या शेजारी एक लाल गाडी उभी असे. माणसे आत येत, तिच्या फुगीर टाकीवरून हात फिरवत आणि मला वळसा घालून बाहेर जात. एक दिवस लिफ्ट दुरुस्त करणारे एक मिस्त्री आपल्या बायकोबरोबर आले. मिस्त्री सरळ लाल गाडीवर जाऊन बसले. वारा लागत असल्यासारखे त्यांनी डोळेही बारीक केले.

"उतरा आता," बायको म्हणाली. "फोटो काढायला नाही आलो आपण."

"ताई, हिचा पिकअप बघा," विक्रेता म्हणाला. "डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटते!"

"सुटून जायचंय कुठे? ह्यांची हत्यारांची पेटी कुठे बसणार हिच्यावर? मागचं चाक पंक्चर झालं तर रस्त्यात निघतं का? आणि अ‍ॅव्हरेज काय देते?"

"ताई, अशा गाडीला अ‍ॅव्हरेज विचारत नाहीत."

"मग नाही विचारत. ती काळी दाखवा."

अशी मी घरी आले. लाल गाडी वाईट होती असे मी म्हणत नाही. ज्याला वाऱ्यासारखे जायचे आहे, तिचे लाड पुरवायची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ती चोख होती. माझ्या मालकाचे काम निराळे होते, एवढेच.

आमचे शहर चढावर वसलेले आहे. खाली बाजार आणि वर उंच इमारती. कुणी लिफ्टमध्ये अडकले की मिस्त्रींना फोन येई. पेटी मागे, साखळी-कप्पी पुढे टाकीवर, आणि आम्ही निघालो. पहिल्या गिअरमध्ये मी तो चढ कुरकुर न करता चढत असे. रविवारी मिस्त्री माझी चेन रॉकेलने पुसत, तेल देत, एअर फिल्टर पायरीवर आपटून धूळ काढत. त्यांचे मित्र चिडवत, "मिस्त्री, तुमच्या गाडीला सायकलवाले मागून घंटी देतात म्हणे!" मिस्त्री म्हणत, "देऊ दे की. त्यांना तरी कधी पुढे जायला मिळणार?" पण इमारतीच्या फाटकातून मी आत शिरले की लोक म्हणत, "आले मिस्त्री," आणि त्यांच्या आवाजात सुटका असे. मला आणखी काही नको होते.

मग मिस्त्रींच्या मुलीचे लग्न झाले आणि घरात जावई आले.

जावई मनाने चांगले होते, हे आधीच सांगते. त्यांच्याकडे त्या लाल गाडीच्या जातीची एक गाडी होती, पण ती रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त राही. एका सुट्या भागाची वाट पाहण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला. तेव्हा सुट्टीला ते बसने सासुरवाडीला येत आणि त्यांची नजर माझ्यावर पडे.

"बाबा, हिच्यात जीवच नाही हो," एक दिवस ते म्हणाले. "माझ्या हाती द्या. बघा कशी पळवतो."

मिस्त्रींचे आयुष्य लिफ्टमध्ये गेले होते. एका बाजूला वजन घेतले की दुसऱ्या बाजूला द्यावे लागते, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? सोसायटीच्या अध्यक्षाला ते तोंडावर सांगत, "आठ माणसं म्हणजे आठ. नववा जिन्याने येईल." तोच माणूस त्या दिवशी म्हणाला, "असं म्हणता? बरं."

का? तर समोर जावई होते. आमच्या घरात जावयाला नाही म्हणायचे नसते. त्यांनी मीठ जास्त म्हटले की मीठ जास्त, त्यांनी पंखा बंद केला की सगळ्यांनी घामाघूम बसायचे.

मालकीणबाई गळ्यात शिवणाची टेप अडकवून बाहेर आल्या. "अहो, चालत्या गाडीला कशाला हात लावू देता?"

"असू दे गं. हौस आहे त्यांची."

"हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. पण ते दुसऱ्याला पडतं," असे म्हणून त्या आत गेल्या. शिलाई मशीन जोरात चालवल्याचा आवाज मी बाहेर ऐकत होते.

जावयांनी माझी पुढची चक्री काढली आणि तिथे दोन दात जास्त असलेली चक्री बसवली. एअर फिल्टर काढून तोंड उघडे ठेवले. सायलेन्सरच्या आतली नळी उपटून तो पोकळ केला. आता मी सपाट रस्त्यावर पूर्वीपेक्षा वेगाने धावू लागले आणि अशी गरजायला लागले, की गल्लीतली कुत्री अंगणात पळाली. जावई हसत परत आले. "बघा बाबा! गाडी तीच, पण आता वाघ झालीय!"

"छान, छान," मिस्त्री म्हणाले.

"छान कसलं डोंबलाचं," हे आतून आले, पण ते ऐकू न आल्याचे सगळ्यांनी ठरवले.

मित्रांनो, माझी ताकद तिळभरही वाढली नव्हती. दात वाढवून ताकद येत नाही. चाकाला वेग मिळाला तो ओढ विकून. मला हे ओरडून सांगायचे होते, पण माझ्या घशातून फक्त तो पोकळ आवाज निघत होता.

पुढच्याच आठवड्यात, ऐन दुपारी फोन आला. वरच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांना दम्याचा त्रास आहे. त्या दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकल्या होत्या आणि मशीनच्या खोलीची किल्ली मिस्त्रींकडे होती. मिस्त्रींनी पेटी बांधली. घरी आलेले जावई म्हणाले, "मीही येतो मदतीला." मागे बसा, असे मिस्त्री म्हणाले. इथेही नाही म्हणता आले नाही.

बाजारापर्यंत आम्ही गरजत गेलो. मग चढ लागला. पेटी, साखळी आणि दोन धडधाकट माणसे. पहिल्या गिअरमध्येही मला ओढ लागेना. मिस्त्री अर्धा क्लच दाबून मला कसेबसे वर ढकलत होते. मोकळ्या तोंडातून वारा आत जास्त शिरत होता आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडत होते, त्यामुळे इंजिन तापत होते. जळका वास आला. तो माझ्या क्लचच्या प्लेटांचा होता. इंजिन गरजत राहिले आणि चाक थांबले. मग इंजिनही बंद पडले.

"किक मारून बघा ना," जावई म्हणाले.

मला कडेला टाकून मिस्त्री पेटी खांद्यावर घेऊन धावत निघाले. साठीच्या जवळ आलेला माणूस, भर उन्हात.

बाई वाचल्या. दार उघडले तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या, ओठ निळे पडले होते आणि दार ठोकून ठोकून हाताची बोटे सुजली होती. रुग्णवाहिका माझ्या शेजारूनच वर गेली आणि खाली आली.

आता माझ्या रागाचे कारण ऐका. त्या संध्याकाळी शेजारी विचारायला आले. मिस्त्री म्हणाले, "काय करणार, गाडी जुनी झाली हो." जावयांनी मान हलवली. "जुन्या गाडीचा भरवसा नाही."

जुनी झाली! इतकी वर्षे मी तो चढ चढले तेव्हा काय मी नवी होते? एका माणसाचा मान राखायला त्यांनी सगळा दोष माझ्या वयावर ढकलला.

मालकीणबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "गाडी नाही जुनी झाली," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "जावई, तुम्ही तिला चढापुरतं लंगडं केलंत. आणि अहो, तुम्ही समजून उमजून करू दिलंत. एक बाई मेली असती. तेव्हाही सांगितलं असतंत का, गाडी जुनी होती म्हणून?"

मुलगी नवऱ्याकडे पाहत होती. दुसऱ्या दिवशी जावयांनीच ती चक्री काढली आणि पहिल्या मापाची बसवली. सायलेन्सर, फिल्टर आणि क्लचही नवे आले. मी पुन्हा चढ चढू लागले. वाटले, झाले गेले संपले.

पण परवा त्या इमारतीच्या फाटकात बाई दिसल्या. काठी टेकत जिन्यावरून उतरल्या होत्या आणि रखवालदाराच्या खुर्चीवर दम घेत बसल्या होत्या.

"बाई, लिफ्ट अगदी ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. "मी स्वतः तपासलीय. जिना कशाला चढता-उतरता?"

"लिफ्टवर माझा राग नाही हो. अडकले तेव्हाही मी घाबरले नव्हते. म्हटलं, मिस्त्री येतील." त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "वरच्या जाळीतून रस्त्याचा आवाज आत येतो. त्या दिवशी तुमची गाडी केवढ्यांदा वाजत होती! मी ऐकत होते. बाजारातून निघाली, जवळ आली. म्हटलं, आले. आणि मग ती थांबली. मी वाट पाहिली, पण कुणी आलंच नाही. दार मी ठोकलं ते त्यानंतर."

"बाई, त्या दिवशी चूक…"

"असू दे मिस्त्री. तुम्ही धावत आलात हे मला ठाऊक आहे. पण आता दार बंद झालं की मला तो थांबलेला आवाज ऐकू येतो."

त्या उठल्या आणि जिन्याकडे वळल्या. मिस्त्री पेटी हातात धरून तसेच उभे राहिले.

मित्रांनो, मला धुऊन पुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. तुम्हाला वेगवान गाडी आवडत असेल तर मोठे झाल्यावर खुशाल घ्या. तिचा खर्च सोसा, तिची मजा लुटा. पण ज्या यंत्रावर दुसऱ्या कुणाचा श्वास टांगलेला आहे, त्याला कुणी हौसेखातर हात लावू लागले, तर नाही म्हणा. तो पाहुणा असो, लाडका असो, नाहीतर घरातला सगळ्यात मानाचा माणूस असो. त्याला वाईट वाटेल. वाटू दे. वाईट वाटलेला माणूस संध्याकाळपर्यंत बरा होतो. बाई अजून जिना चढत आहेत.