निरोपांच्या घरातला फळा

मी एक जुना फळा आहे. मला काळा म्हणतात, पण माझा रंग आता राखेकडे झुकलाय. खालचा उजवा कोपरा भिंतीच्या ओलीने फुगलाय. तिथे लिहिलेलं अक्षर गाल फुगवून बसल्यासारखं दिसतं. भाईंदर पूर्वेच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचनच्या हॉलमध्ये मी टांगलेला आहे. माझ्यासमोर रोज संध्याकाळी सतरंजी पसरली जाते आणि मुलं ट्यूशनला बसतात.

मित्रांनो, फळ्याच्या जन्माची काही मोठी कथा नसते. एक प्लायची फळी, चारी बाजूंनी लाकडी पट्टी आणि वर काळ्या रंगाचे हात. स्टेशनजवळच्या एका सुताराने मला बनवलं, ते स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर चालणाऱ्या एका क्लाससाठी. तिथले सर माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "क्या मक्खन बोर्ड है!" ती माझ्या आयुष्यातली पहिली स्तुती. पुढे त्या क्लासमध्ये पांढरा चकचकीत बोर्ड आला आणि सरांनी मला संडासाच्या दाराआड उभा केला. बादलीचं पाणी अंगावर उडायचं. मला वाईट वाटलं, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. फळ्याला रोज पुसतात, मित्रांनो. पुसून घ्यायची सवय झाली की फारसं काही वाटत नाही.

तिथून मला अनसूयाबाईंनी सोडवलं. त्या बी.ए., बी.एड. होत्या, लग्न होऊन परळहून इकडे आलेल्या, घरीच ट्यूशन सुरू करणार होत्या. मला न्यायला त्या आणि त्यांचे यजमान उदयराव असे दोघं आले. रिक्षावाला कुरकुरला, "भाभीजी, ये तो आधा बाहर निकलेगा." उदयराव म्हणाले, "निकलने दो, मैं पकडता हूँ." बाई हसून म्हणाल्या, "अहो, फळा पकडा, पण स्वतः पडू नका." ते म्हणाले, "मी पडलो तर तू फळ्यालाच उचलशील आधी." हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ती दोघं एकमेकांशी बोलायची, हे मी कानांनी ऐकलंय. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला खरं वाटायचं नाही.

लेक इशिता दुसरीत असताना बाईंनी मीरा रोडच्या एका शाळेत मुलाखत दिली. घरात मोबाइल एकच, तो उदयरावांचा, म्हणून नंबर त्यांचा दिला. शाळेतून फोन आला: सोमवारी कागदपत्रं घेऊन या. उदयराव तेव्हा ऑफिसात होते. "हो, सांगतो," म्हणाले आणि विसरले. ते विसरलेच होते. घरी आले तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिलाय, त्यात लबाडी नव्हती. पण बाईंना कळलं तोवर त्या जागेवर दुसरी बाई शिकवायला लागली होती.

बाई ओरडल्या नाहीत. भाकरी तव्यावर होती, ती त्यांनी उलटली आणि म्हणाल्या, "इशू, बाबांना सांग, ताट वाढलंय." बाबा तिथेच होते, ओट्याला टेकून. इशिता हसली, तिला तो खेळ वाटला. "बाबा, आई म्हणतेय, ताट वाढलंय!" मग बाबाही म्हणाले, "आईला सांग, येतो."

तो खेळ दहा वर्षं चालला.

राग कधीच संपला होता, मित्रांनो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला तो दिसेनासा झाला. बाई त्यांच्या डब्यात आठवणीने लिंबाचं लोणचं घालायच्या. ते पगाराच्या दिवशी न सांगता खडूचा खोका आणून माझ्याखाली ठेवायचे. पण बोलणं सुरू कुणी करायचं, हे ठरेना, आणि मग ते ठरवायचं असतं हेच दोघं विसरून गेली. त्या घरात भांडण नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. बधिर झालेल्या पायावर माणूस बसून राहतो, तशी ती दोघं बसून होती.

आणि त्या घराचा एक नियम होता. कुणी केलेला नव्हता, आपोआप बसलेला. घर एवढंसं, की स्वयंपाकघरात लसूण ठेचला तर माझी चौकट हलायची. त्यामुळे एकाने म्हटलेलं दुसऱ्याला सगळं ऐकू यायचं. पण ऐकू आलं तरी आलं नाही असं धरायचं. इशिताने जे आणून सांगितलं, तेवढंच खरं. उत्तर त्यालाच द्यायचं.

एका रविवारी बाई हॉलमधून म्हणाल्या, "विचार तुझ्या बाबांना, सिलिंडरवाला परत गेला तेव्हा कान काय टपरीवर ठेवून आले होते?"

इशिता उंबऱ्यात जाऊन म्हणाली, "बाबा, आई विचारतेय, बेल ऐकू नाही आली का?"

"सांग तिला, बेलचे सेल बदलायला तिच्या माहेरची माणसं येणार आहेत का?"

"आई, बाबा म्हणतायत, सेल संपलेत."

"मग नवे आणा म्हणावं."

असं ते चालायचं. मूळ वाक्य दोन्हीकडे पोचलेलं असायचं, काटे-कुसळांसकट. पण लेकीने सोलून आणलेलं दोघंही मुकाट्याने घ्यायची, आणि मला वाटतं, त्यांना ते हवंच असायचं. मुलगी मात्र मोठी होत होती. तिला शेजारणी म्हणायच्या, "किती गुणी गं, आईबाबांचं सगळं करते."

माझ्यावर त्याच काळात दरवर्षी एक धडा लिहिला जायचा. इंग्रजीतलं डायरेक्ट आणि इनडायरेक्ट. अवतरणचिन्हं काढा, 'सेड'नंतर 'दॅट' घाला. बोलणाऱ्याचा 'मी' जातो आणि तिथे 'तो' किंवा 'ती' येते. 'आज'चं 'त्या दिवशी' होतं. 'इथे'चं 'तिथे' होतं. बाई हे फार छान शिकवायच्या. दहावीचं पोर त्यात मार्क घालवून आलं असं कधी झालं नाही. मी मात्र बघत होतो, की ज्या घरात हे लिहिलं जातंय तिथलं 'आज' आणि 'इथे' केव्हाच पुसून गेलंय. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या धड्याखाली टांगलेलाच राहिलो.

मग इशिता बारावी झाली आणि तिला नाशिकला नर्सिंगची सीट मिळाली. तिची इच्छा होती, मार्कही होते. शनिवारपर्यंत तिथे जाऊन हजर व्हायचं, नाहीतर सीट पुढच्या मुलीला जाणार.

मंगळवारी क्लास चालू होता. मुर्धा गावाहून येणारी गिरिजा नावाची नववीतली धीट पोरगी माझ्यावर वाक्य बदलून लिहीत होती. उदयराव ऑफिसातून येऊन स्वयंपाकघरात बसले होते. इशिता नेहमीसारखी उंबऱ्यात.

बाई म्हणाल्या, "बाबांना विचार, नाशिकचं काय करायचं. माझं म्हणणं, जाऊ दे तिला. शिकू दे."

आतून आवाज आला, "आईला सांग, माझी ना कशाला असेल? जाऊ दे की."

झालं. दोघांचंही 'हो' हवेत होतं. मी ऐकलं, गिरिजाने ऐकलं, सतरंजीवरच्या सगळ्या पोरांनी ऐकलं. फक्त इशिताने ते उचलून इकडून तिकडे ठेवायचं बाकी होतं. तिचा चेहरा मला दिसत होता. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग ती आत बघून म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय, मी जाऊ नये."

आणि बाहेर बघून म्हणाली, "आई, बाबा म्हणतायत, मी जाऊ नये."

मग ती ओट्यापाशी गेली आणि कोथिंबीर निवडायला लागली.

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ चुकीची वाक्यं अंगावर घेतली आहेत. ती फडक्याने पुसता येतात. हे पुसायचं तर कुणीतरी म्हणायला हवं होतं, "मी असं म्हणालो नाही." किंवा, "मी असं म्हणाले नाही." म्हणजे समोरच्याला सांगायला हवं होतं. स्वतःच्या तोंडाने. आणि तेवढं सोडून त्या घरात सगळं होत होतं.

गिरिजाला राहवलं नाही. "टीचर, काका तं हो बोलले. मी इथंच हाय ना, मना आयकू आला."

"तू पुढचं वाक्य घे," बाई म्हणाल्या.

"पन टीचर, ताईनं उलटा सांगितला."

"गिरिजा. पुढचं वाक्य."

गिरिजाने खडू असा दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

बुधवार गेला. गुरुवार गेला. बाई सुटकेसच्या जवळून जायच्या आणि तिच्यावरची धूळ पुसून परत यायच्या. उदयरावांनी नाशिकच्या गाडीची वेळ मोबाइलवर काढली आणि मोबाइल पालथा ठेवला. दोघांनाही ठाऊक होतं, की दुसऱ्याने हो म्हटलंय. दोघांनाही ठाऊक होतं, की लेकीने खोटं सांगितलंय. पण घरात खरं तेच, जे तिने आणून दिलं. इशिता मन लावून पोळ्या लाटत होती. रडली नाही, रुसली नाही. आपल्या आईवडिलांसारखीच दिसायला लागली होती ती.

शुक्रवारी संध्याकाळी बाई माझ्यावर लिहीत होत्या. पाठमोऱ्या. सातवीची मुलं वह्या काढत होती. स्वयंपाकघरात इशिता कणीक मळत होती आणि उदयराव चहाचा कप विसळत होते. बाईंचा हात मध्येच थांबला. खडू माझ्या अंगावर टेकलेलाच राहिला आणि तिथे एक जाड पांढरा ठिपका झाला.

"अहो," त्या म्हणाल्या.

आत नळ चालू होता. उदयरावांनी इशिताकडे पाहिलं. इशिताने मान वर केली नाही.

"अहो, मी तुमच्याशी बोलतेय."

नळ बंद झाला.

"मी असं म्हणाले नव्हते. जाऊ नये, असं."

उदयराव उंबऱ्यात आले. हात ओले होते, ते त्यांनी शर्टालाच पुसले. बोलायला तोंड उघडलं, तर आधी नुसता खोकलाच आला. "मीही नव्हतो म्हणालो."

"ऐकलंय मी."

"मग तीन दिवस..."

"तुम्ही काय केलंत तीन दिवस?"

सातवीतला एक जण म्हणाला, "टीचर, हे लिहून घ्यायचंय का?" कुणी हसलं नाही.

बाईंनी लेकीला हाक मारली. "इशू, का असं केलंस गं?"

इशिताच्या हाताला पीठ होतं. ती ते बोटांनी सोलत राहिली. आवाज अगदी सपाट होता, रोजचा निरोप सांगावा तसा. "बाबांच्या छातीत दुखलं तर तुला कोण सांगणार, आई? तू जिन्यात पडलीस तर बाबांना कोण सांगणार? तुम्ही शेजारी शेजारी बसाल, आणि कळणार नाही."

गळ्यात पडणं, डोळे पुसणं, तसलं काही झालं नाही. बाईंनी खडू माझ्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, सुटकेस भरायला घ्या. आणि सकाळची गाडी कितीची ते सांगा. मला सांगा, हिला नको."

"सहा दहाची आहे," उदयराव म्हणाले. "कल्याणहून. इथून चारला निघावं लागेल."

"मग निघू."

मुलांना त्या दिवशी लवकर सोडलं. माझ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं. ते दोन दिवस कुणी पुसलं नाही, कारण घरात कुणी नव्हतं.

त्यानंतर त्या घरात सुखाचे दिवस आले, असं मी सांगणार नाही. दहा वर्षं न वापरलेली जीभ लगेच वळत नाही. दोघं परत आली तेव्हा दार उघडण्यापुरतं बोलली, दुधाच्या पिशवीपुरतं बोलली, आणि गप्प झाली. सोमवारी क्लास सुटल्यावर इशिताचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला. मेस कशी आहे, पंखा आहे का, खोलीतल्या मुली कशा आहेत. मग सवयीने म्हणाल्या, "बरं, बाबांना सांग, तुझी चादर इथेच राहिलीये, तेवढी कुरिअर..."

"आई, बाबा कुठायत?"

"हे काय. समोरच बसलेत माझ्या."

"मग मी ठेवते फोन." आणि तिने खरंच ठेवला.

बाईंनी फोन खाली ठेवला. उदयरावांनी पेपर खाली केला.

"तिची चादर राहिली," बाई म्हणाल्या.

"तू बाहेर काढूनच ठेवली नव्हतीस."

"पलंगावर होती! सुटकेस भरणारा माणूस पलंगाकडे बघत नाही का?"

"पलंगावर तुझे पापड वाळत होते, त्यांच्याखालून मी चादर ओढायची?"

"मग मला विचारायचं!"

"विचारलं असतं! सवय आहे का मला?"

मग जे भांडण सुरू झालं ते कुकरची शिट्टी होऊन, कुकर गार होऊन, ताटं वाढून होईपर्यंत चाललं. चादरीवरून पापडावर, पापडावरून नणंदेवर, नणंदेवरून मीरा रोडच्या शाळेवर. शब्द निघाले तसेच पोचत होते, कुणी सोलून देत नव्हतं. बोचत होते. मध्येच बाईंचा आवाज फुटला आणि उदयराव "बस, बस, अनू," म्हणाले. मी भिंतीवरून ऐकत होतो. मित्रांनो, मला काही वाटत नाही असं मी म्हणत आलोय. त्या संध्याकाळी ते म्हणायला जरा जड गेलं.

फळ्याची विनंती ती काय असणार? मला कोरड्या फडक्याने पुसा, ओल्याने माझी प्लाय फुगते. अंगावर खिळ्याने नावं कोरू नका. आणि घरात कुणी तुम्हाला जवळ बोलावून म्हणालं, "जा रे, त्यांना सांग," आणि ते 'ते' जर हाकेच्या अंतरावर बसलेले असतील, तर तो निरोप घेऊ नका. उद्धट म्हणतील, म्हणू देत. तुम्ही आपले पेन्सिलीला टोक काढत बसा. निरोप थोडा वेळ तसाच हवेत राहील. राहू द्या. तो त्यांचा आहे, तेच उचलतील.