गोल बुडाची लाल बादली

“बाल्टी तिच्या हातातच होती ना बाई, तरी बी तिनं…”

एवढंच ऐकू आलं. तेवढ्यात कोणीतरी दोर सोडला, विहिरीचा रहाट कुरकुरायला लागला आणि मैनाबाईचं पुढचं बोलणं त्यात गेलं. बायकांचे चेहरे मात्र मला दिसले. एकीनं पदर तोंडाशी नेला. दुसरी म्हणाली, “असं काय करते का कोनी?” पण म्हणताना ती आणखी जवळ सरकली.

आमच्या कोहका वस्तीच्या विहिरीवर ज्या बादलीची ही गोष्ट चालली होती, ती मीच बोलतेय. इथेच आहे मी, विहिरीलगतच्या कुंपणाच्या खांबावर पालथी घातलेली. अंगाची एक बाजू लाल, दुसरी जळून काळी. ‘आग’ ही पांढरी अक्षरं होती, त्यातला ‘आ’ तेवढा उरलाय. इथून सगळ्यांचं बोलणं कानावर येतं. ऐकू नये असं मी कधी ठरवलं नाही, आणि ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची मी. चहूकडे उकरलेली लाल माती, लोखंडी खांब, आणि कुठल्या कुठल्या मुलखांतून आलेली माणसं. एका पत्र्याच्या शेडमध्ये मला कापलं, ठोकलं, रिबिटा मारल्या, लाल रंग दिला. मग पोटात कोरडी वाळू भरून सिमेंटच्या गोदामाबाहेर टांगलं. आम्ही चौघी बहिणी होतो, एका रांगेत.

माझं बूड गोल आहे. मला खाली ठेवलं की मी लवंडते. पहिल्यांदा मला फार वाईट वाटायचं याचं. गोदामावरच्या एका रेजाबाईनं, म्हणजे मजूरणीनं, एकदा मला गारा, म्हणजे कालवलेलं सिमेंट, वाहायला उतरवलं. ठेवायला गेली तर मी आडवी झाले आणि सगळी वाळू सांडली.

“हे धड बसत कावून नाई खाली?” ती वैतागली.

आमची देखभाल करणारा फकिरा तिथेच होता. आग विझवणाऱ्या गाडीवरचा माणूस. तो हसला. “बसू नये म्हनूनच गोल केली हिले. बसली असती तं तू गारा वाह्यला असता, दुसरीनं पानी भरलं असतं, अन् आग लागली तवा हे कोनाच्या तरी मोरीत सापडली असती. हिची जागा खुटीवर. भरून.”

तेव्हापासून मी माझ्या बुडाला नावं ठेवली नाहीत.

पुढे भट्ट्या पेटल्या. संध्याकाळी लोखंडाचा तापलेला मळ ओतला की कोहक्यापर्यंत आभाळ तांबडं व्हायचं. नव्यानं आलेली माणसं दारात उभी राहून बघायची. वर्षभरात कोणी मान वर करेना. दिवसभर वितळलेल्या लोखंडाजवळ उभं राहणाऱ्याला घरातल्या दिव्याचं काय भय वाटणार? ही माणसं आगीला सरावली होती. मला त्याचीच धास्ती वाटायची.

गोदाम मोडलं तेव्हा निकामी म्हणून आम्हाला टाकून दिलं. फकिरानं विचारून मला उचललं आणि थेट शालिकरामच्या शेडमध्ये आणलं.

शालिकराम फकिराच्याच गावचा, साकोलीकडचा. कारखान्यात फिटर. त्याला जुन्या गाड्यांचं वेड होतं. घराला लागून त्यानं पत्र्याची शेड घातली होती आणि त्यात तीन गाड्या. एक लढाईच्या काळातली, लष्करानं विकून टाकलेली फटफटी. दुसरी एका ठेकेदारानं टाकून दिलेली, तिला हॅन्डलच नव्हतं. तिसरी मोटार, लांब नाकाची, एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, गोठ्यातून बैल जुंपून आणलेली. आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. शालिकरामनं तिला उठवलं नाही. पिल्लं निघेपर्यंत त्यानं पुढचंच काम केलं.

“हे पाह्य शालिक,” फकिरा मला खुंटीला अडकवत म्हणाला, “पेट्रोल अन् बिडी एका छपराखाली ठेवून राहिला तू. पेट्रोलवर पानी टाकशील तं आग पोहत जाते. वाळूच पाह्यजे. हे बाल्टी इथून हालवजो नको.”

“बरं बाप्पा. तुह्यी बाल्टी अन् तुह्या पाहारा.”

शालिकरामची बायको कौशल्या दारातून म्हणाली, “भाऊजी, तीन सवती आनून ठेवल्या यानं माह्या घरी. एकीले तेल, एकीले रंग, अन् मले निस्ता पेट्रोलचा वास.”

सगळे हसले. मैनाबाई शेजारून कुंपणापाशी आली होती, तीही हसली. ‘सवती’ हा शब्द तिनं तेव्हाच उचलून ठेवला असावा.

पण कौशल्या एकटी असताना मी तिला पाहिलंय. नवरा पाळीला गेला की ती मोटारीचं दार उघडून आत बसायची. पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, समोरच्या पत्र्याकडे बघत. तिचं माहेर अर्जुनीजवळ. कितीतरी दिवसांत जाणं झालं नव्हतं. आई थकली होती. शालिकरामनं शब्द दिला होता, “यंदाच्या दसऱ्याले तुले मोटारीत घालून नेतो. तुह्या भावाच्या दारात भोंगा वाजवतो.” भोंगा तेवढा पहिल्या दिवसापासून चालू होता.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस लागून राहिला आणि घराची मागची भिंत खचली. देव शेडच्या कोपऱ्यात आले. नवरात्र तोंडावर, आणि घट मांडायची दुरडी भिंतीखाली चिरडलेली. कौशल्यानं इकडे तिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. लाल रंग, देवीचा. गोल बूड, घागरीसारखं.

तिनं मला उतरवलं. भिंत खचल्यानं दारात चिखल झाला होता, त्यावर माझी वाळू ओतून पायानं सारखी केली. माझ्या पोटात काळी माती भरली, गहू पेरले, पाणी शिंपडलं. मी लवंडणार, हे मला ठाऊक होतं. पण तिनं कोनाड्यातून चुंबळ काढली, डोक्यावर घागर घ्यायला वापरतात ती कापडाची, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मला बसवलं.

मी बसले. अगदी निश्चल.

ज्यांनी माझं बूड गोल केलं, त्यांना आमच्या बायकांची चुंबळ माहीत नसावी.

खोटं कशाला बोलू, मला छान वाटलं. जन्मभर भिंतीवर टांगलेली मी, आता माझ्यापुढे रांगोळी, शेजारी अखंड दिवा. कौशल्या सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे हात जोडायची. गहू उगवले, बोटभर झाले, वीतभर झाले, पिवळे, मऊ.

पाचव्या माळेला फकिरा दर्शनाला आला. आत येताच त्यानं सवयीनं खुंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं होतं. पण समोर घट होता. घट बसला की उठेपर्यंत हलवत नाहीत. त्यानं टोपी काढली, हात जोडले.

जाताना एवढंच म्हणाला, “वयनी, दसरा झाला की हिले खुटीवर टांगजा. वाळू भरून.”

“हो भाऊजी, त्याच दिवशी.”

मी जमिनीवर आले तेव्हा मला एक गोष्ट नव्यानं कळली. पेट्रोलचा वास वर जात नाही. तो पाण्यासारखा खाली सरकतो, जमिनीला धरून, कोपऱ्यात साचतो. खुंटीवर असताना मला हे कधी कळलं नव्हतं. पण शेडची दारं सताड उघडी असायची, वारा खेळायचा, आणि दिवा तसाच तेवत राहायचा. इतके दिवस काही झालं नाही, म्हणून कोणालाच काही वाटलं नाही.

अष्टमीला मोटार पहिल्यांदा सुरू झाली. खोकली, थरथरली, निळा धूर सोडला आणि सुरू राहिली. शालिकराम लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. कौशल्यानं मीठ-मोहऱ्या आणून मोटारीवरून उतरवल्या. त्या दिवशी ती माहेरी नेसायचं लुगडं ट्रंकेतून काढून उन्हात घालून आली.

दुसऱ्या दिवशी नवमी, शस्त्रांच्या पूजेचा दिवस. आमच्या लोकांची शस्त्रं म्हणजे पाने, हातोडे आणि गाड्या. शालिकराम सकाळपासून पेट्रोलमध्ये फडकं भिजवून गाड्या पुसत होता. देवीपुढे कशा झळकल्या पाहिजेत. फडकी मोटारीखाली टाकत गेला. पेट्रोलचं भांडं तिथेच. मग अंघोळ करून आला, पण सदरा तोच घातला.

बाहेर वारा सुटला होता. पूजेच्या ताटातलं निरांजन फडफडत होतं.

“दार लाव ना,” कौशल्या म्हणाली, “दिवा विझन.”

त्यानं दोन्ही दारं ओढून घेतली.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. कौशल्या फटफटीपुढे बसली, ताट खाली ठेवलं. जमिनीवरून एक निळी रेघ सुटली, सापासारखी, आणि मोटारीखाली गेली. मग सगळं पिवळं झालं.

शालिकरामला बाहेर पडता आलं असतं. दार त्याच्या पाठीशीच होतं. पण त्यानं फटफटीचं हॅन्डल धरलं. ती मोटारीच्या टाकीपासून दूर ओढायची होती त्याला. त्याची बाही पेटली, तरी हॅन्डल सुटेना.

“बाल्टी,” तो म्हणाला. “कौशल्ये, बाल्टी टाक.”

ती खुंटीकडे धावली. खुंटी रिकामी होती. मग ती वळली आणि तिनं मला दोन्ही हातांनी उचललं. चुंबळ माझ्या बुडाला चिकटून थोडी वर आली आणि गळून पडली. तिच्या हनुवटीखाली देवीचे गहू हलत होते.

आणि ती थांबली.

फार नाही. एक श्वास घ्यावा आणि सोडावा, एवढी. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते एकट्या मला ऐकू आलं. “माय, माफ कर,” म्हणाली. नेमकं तेव्हाच मैनाबाईनं बाहेरून दार ढकललं. तिला दिसलं ते एवढंच, समोर नवरा पेटलेला आणि बायको बादली धरून उभी.

मग कौशल्यानं मला त्याच्या हातावर उलटं केलं. ओली माती, मुळं, गहू, सगळं. बाही विझली. पण मोटारीखालची आग विझवायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. माझी वाळू दारात होती, धावत आलेल्या लोकांच्या पायांखाली. त्यांनी विहिरीचं पाणी आणून ओतलं, आणि फकिरा म्हणाला होता तसंच झालं. आग पोहत दुसऱ्या फटफटीपर्यंत गेली.

फकिराची गाडी आली तेव्हा छपराचे पत्रे वाकले होते. त्यानं मला राखेतून काढलं, आत बघितलं, आणि बराच वेळ तसाच हातात धरून बसला.

शालिकराम वाचला. उजव्या हाताची बोटं एकमेकांना धरून बसलीत, ती सुटत नाहीत. पाना धरता येत नाही. त्याला कारखान्याच्या गेटावर राखणीला बसवलंय. कौशल्याची आई माघात गेली. कौशल्या आगगाडीनं गेली, पण मातीला पोचली नाही.

आणि विहिरीवर ही कुजबुज. सवतींचा राग होता म्हणे. जळू दिल्या म्हणे. मैनाबाई वाईट नाही हो. शालिकराम दवाखान्यात होता तेव्हा दोन्ही वेळची भाकरी तिच्याच घरून यायची. पण जे डोळ्यांनी पाहिलं, ते तिच्या पोटात राहत नाही.

आज ती बोलत होती तेव्हा कुंपणाच्या अलीकडे शालिकराम बाजेवर बसला होता. त्यानंही ऐकलं. कौशल्या भाकऱ्या थापत होती. तिनंही ऐकलं असणार, कारण थापण्याचा आवाज थांबला.

इतक्या महिन्यांत त्यानं तिला विचारलं नव्हतं. आज विचारलं.

“तू थांबली होती का वं?”

ती पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. मैनाबाई घागर घेऊन कुंपणाशी रेंगाळली होती, दोर गुंडाळायचं निमित्त करून.

“हो,” कौशल्या म्हणाली. “थांबली मी.”

मैनाबाईनं घागर उचलली आणि लगबगीनं निघाली. तिला हवं ते मिळालं होतं.

“घट होता त्यात,” कौशल्या पुढे म्हणाली. “देवीचा. हात धजेना. येवढंच. त्या मोटारीत बसून मले मायकडे जाचं होतं, मी कशी जळू देईन तिले? पन थांबली. थांबली नसती तं तुमची बोटं…”

शालिकराम आपल्या हाताकडे बघत राहिला. “मले बी बाहेर निंगता येत होतं,” तो म्हणाला. “मी बी हॅन्डल सोडलं नाई.”

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती आत गेली.

थोड्या वेळानं त्यानं मला खांबावरून काढलं. दारातली वाळू डाव्या हातानं ओंजळ ओंजळ उकरून माझ्या पोटात भरली. तीत कोळसा झालेले गव्हाचे दाणे आहेत, ते त्यानं वेचले नाहीत. कौशल्या बाहेर आली. सवयीनं तिनं चुंबळ हातात घेतली होती. माझ्याकडे पाहून ती तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवली, आणि मला त्याच्या हातून घेऊन शेडमधल्या जुन्या खुंटीवर टांगलं.

आता मी भरलेली आहे. खाली शेड रिकामी आहे. मोटार होती तिथे तेलाचा काळा डाग आहे, बाकी काही नाही. तरी मी राखण करते.

तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला खाली बसवू नका, किती का शोभेना. आणि उद्या विहिरीवर मैनाबाई सांगेल, “तिनं सोताच कबूल केलं.” तेवढं खरं आहे. उरलेलं तिनं ऐकलं नाही. ते मी ऐकलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.