चार बोटं हवा

होणाऱ्या व्याह्याला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवून घरी आणायचं, उद्धवरावांना एवढंच करायचं होतं. त्यातून पदरात काय पडणार, हे त्यांनी आधीच मोजून ठेवलं होतं. लेकीला, वनमालेला, आदिलाबादच्या कारकुनाचा मुलगा मिळणार, बोथच्या बाजारात रामराम दुप्पट होणार, आणि ट्रक पाहून दबलेला पाहुणा देण्याघेण्याच्या बैठकीत तोंड लहान ठेवणार.

निजाम गेला, हैदराबाद राज्य मोडलं, जिल्हा आंध्रात गेला. उद्धवरावांचा फेटा मात्र होता तिथंच आणि होता तेवढाच राहिला.

ट्रक लष्कराच्या लिलावातला. पेट्रोल असं प्यायचा की मालकाला पाणी जड व्हावं. म्हणून मावल्याच्या डोमाजी मिस्त्रीनं त्यात एका मोडक्या बसचं डिझेल इंजन बसवलं. ते निघालं लांबोडकं. मागं सरकवावं लागलं, आणि त्याचा धुराचा नळ नेमका पाहुण्याच्या सीटखाली आला.

"मालक, हा नळ म्हंजे तवा," डोमाजी म्हणाला. "नळ अन् फळीच्या मंधात चार बोटं हवा पाह्यजे. सीट वर घ्या लागते."

उद्धवराव बसून पाहू लागले. फेटा आत्ताच टपाला घासत होता.

"अन् माया फेटा?"

"काढून बसा."

"व्याह्यापुढं बोडका बसू? डोस्कं फिरलं का लेका तुयं?"

"मंग नळ बाहेरून वळवतो. दोन दिस लागतीन."

"पावणे उद्या येऊन राह्यले! त्या फटीत बारदान कोंब."

"बारदान जळते, मालक."

"ओलं कोंब!"

डोमाजीनं ओलं कोंबलं. वाद घालायची मजुरी कोणी देत नाही.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादहून बोथला यायला डोमाजीच गाडी हाकायला बसला. त्याच्या शेजारी उद्धवराव आणि कडेला मानाच्या जागी पाहुणे हणमंतराव, कचेरीची काळी टोपी नि परीटघडीचं धोतर. नवरा मुलगा सुधाकर मागं रिकाम्या पोत्यांवर, वारा खात.

थंडीचे दिवस. मावला गाव सुटलं तशी सीट उबदार झाली. "गादी झकास हाय," हणमंतराव म्हणाले. आणखी थोडं गेल्यावर ते एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर आले. उद्धवरावही आले. मग दोघं आळीपाळीनं येत-जात राहिले.

"आराम हाय ना, पावणे?"

"एक नंबर! अन् तुमाले?"

"आमाले रोजची सवय हाय."

पाहुण्यानं मानाची जागा सोडली तर त्याचा मान जातो, मालकानं सोडली तर ट्रकचा. तेव्हा दोघंही शेकत राहिले.

"कायतरी जळून राह्यलं," डोमाजी नाक वर करून म्हणाला.

"तुयी बिडी असन!"

"मी तंबाखू खातो, मालक."

तेवढ्यात मागून सुधाकरनं टप बडवला. "बाबा! तुमच्याखालून धूर निघून राह्यला!"

गाडी थांबायच्या आत दोन्ही बाप खाली होते. सीटमधला काथ्या पेटला होता. नाला जवळच होता, पण पाणी आणायला भांडं नव्हतं. डोमाजीनं उद्धवरावांच्या डोक्याकडं पाहिलं. उद्धवरावांनी आभाळाकडं पाहिलं, ट्रककडं पाहिलं, आणि फेटा सोडला. अख्खा फेटा नाल्यात बुचकळून सीटवर आपटला, तेव्हा कुठं आग विझली. फेट्याचं पोतेरं झालं.

घरी उद्धवरावांच्या बायकोनं, रेणुकाबाईंनी, नवी सतरंजी अंथरली होती. "बसा ना, भाऊजी!"

"उभाच बरा हाय, वहिनी."

"अहो, तुमी तरी बसा!"

"पावणे उभे असताना मी कसा बसू?" उद्धवराव बोडक्या डोक्यानं म्हणाले.

वनमाला पोहे घेऊन आली. भिंतीला हात टेकून उभे दोन बाप आणि खोलीभर करपट वास. तिला हसू फुटलं. सुधाकर तर मघापासून गाल चावूनच बसला होता, तोही फुटला. त्या दोघांचं तिथंच ठरलं.

देण्याघेण्याची बैठक मांडी घालून दिवेलागणीपर्यंत चालते. उभ्यानं ती एक पान चघळून होईतो आटोपली.

"आमाले कायी नको," हणमंतराव म्हणाले. "जायला फकत बैलगाडी द्या. अन् तिच्यात अंगाखाली मऊ तनीस जरा जास्त टाका."

हणमंतराव पालथे निजून आदिलाबादला गेले. डोमाजीनं दुसऱ्याच दिवशी सीट चार बोटं वर घेतली. आता आड यायला फेटा नव्हता. वनमाला नि सुधाकर एकमेकांना फुकटात पडली. किंमत दोघांच्या बापांनी मोजली, आणि जिथं मोजली ती जागा कोणाला दाखवायची सोय नव्हती.